बिनपाण्याचे दहा दिवस

"दुपारी हे तापतं बरं का, ताई. पोराबाळांचं घर आहे, सांगून ठेवतो," असं प्लॅस्टिकचं गवत अंथरायला आलेला कारागीर गुडघ्यांवर बसल्या बसल्या म्हणाला होता. हातात कटर, कानावर पेन्सिल. आणि तिनं काय केलं, तर "हो हो, बघू आम्ही" म्हणून त्याच्या हातात पाण्याचा पेला ठेवला आणि विषय संपवला.

तुम्ही म्हणाल, बाई निष्काळजी असेल. तसं मुळीच नव्हतं. उलट काळजी हा तिचा पूर्णवेळ धंदा होता. रसायनशास्त्राची पदवी पदरात आणि सव्वा वर्षाची मुलगी कडेवर, म्हणजे काळजीला इंधनही भरपूर. त्या गवतात शिसं आहे का, हे तिनं कंपनीला पत्र लिहून विचारलं होतं. पाती ओढून बघितली होती, निघून घशात अडकतात का म्हणून. एक तुकडा तर मोरीत काडेपेटीनं पेटवूनही पाहिला होता. वहीत चौदा धोके लिहून एकेकापुढे तिनं बरोबरची खूण केली होती. पंधरावा त्या माणसानं आयता सांगितला, तो मात्र वहीत चढला नाही. कुठल्या माहितीपत्रकात नव्हता ना तो. नुसता एका माणसाच्या तोंडात होता.

घरापुढची जागा पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद, तोंड पश्चिमेला. एकीकडे घराची पांढरी भिंत, समोर कुंपणाची. ऊन या भिंतीवरून उडायचं ते त्या भिंतीवर आपटायचं आणि दमलं की खाली जमिनीवर फतकल मारून बसायचं. तिथं पूर्वी नुसती माती होती. मातीत किडे, काचा, कुत्र्यामांजरांचं काय काय. मुलगी चालायला लागली आणि तिला मातीत हजार संकटं दिसायला लागली, म्हणून ते हिरवंगार प्लॅस्टिक आलं.

मुलीला घरात सगळे ठमी म्हणत. एका दुपारी तीनच्या सुमाराला वाळलेले कपडे आत आणताना दार उघडं राहिलं. ठमी चार पावलं बाहेर गेली आणि उभी राहिली. मोठं माणूस असतं तर उडी मारून पायरीवर आलं असतं. ठमीला मागे फिरता येतं हेच अजून ठाऊक नव्हतं. ती जागच्या जागी उभी राहून रडली, आणि कपडे टाकून धावत जाऊन उचलेपर्यंत जे व्हायचं ते झालं. तळवे लालबुंद, डाव्या पायाला दोन फोड.

डॉक्टरांनी मलम दिलं, आठ दिवसांत बरं होईल म्हणाले. ते सातच दिवसांत झालं. आठव्या दिवशी तिनं ठमीला पायरीवरून खाली सोडायला घेतलं, तर ठमीनं दोन्ही पाय पोटाशी घेतले. विमान उडाल्यावर चाकं आत घेतं तसे. घरात ही बया दुडुदुडु धावायची, पलंगाखाली जायची, आजोबांच्या चपला पळवायची. पण दाराबाहेर कुठंही, बागेत, फुटपाथवर, दुकानाच्या गार फरशीवरसुद्धा, खाली ठेवायला गेलं की पाय वर. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले. ठमीनं बाहेरच्या जगाशी पायांपुरता संबंध तोडला होता.

डॉक्टर म्हणाले, विसरेल. नवरा म्हणाला, विसरेल. तिला रात्री झोपताना एवढंच दिसायचं की ही मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली आहे आणि अजून कडेवर आहे, आणि हे आपण केलं आहे.

नवऱ्यानं मात्र एक काम केलं होतं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, सबंध दिवस मिलिमीटरच्या आत वावरणारा शांत माणूस. पण ठमीचे पाय भाजले त्याच संध्याकाळी त्यानं ते गवत एका टोकाला धरून खसाखसा उपटलं, गुंडाळी केली आणि फाटकाबाहेर नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडाळी जागेवर नव्हती. कुणीतरी उचलून नेली होती. बरं झालं, पीडा गेली, असं तिला वाटलं.

राहिली ती उघडी माती. तीही दुपारी तव्यासारखी तापे. सावलीसाठी झाड लावलं असतं, पण जमिनीखालून पाण्याचे पाइप गेले होते. म्हणजे हवं होतं असं काहीतरी, की जे जमिनीलगत पसरेल, उन्हात मरणार नाही, तापणार नाही आणि उद्या ठमीचं मन बदललं तर तिच्या पायाखाली चालेल.

तिनं वही उघडली. अटी लिहायला बसली त्या अकरा झाल्या. काटे नकोत. विषारी नको, पान नाही, फळ नाही, मूळसुद्धा नाही. चीक नको. निसरडं नको. मधमाश्या येतील अशी फुलं नकोत. साप लपेल एवढी उंची नको. वास उग्र नको. असं करत करत अकरावी, 'पाणी कमी लागावं'. सासरे छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा चढवून सगळी यादी वाचली, तीन ठिकाणी स्वल्पविराम घातले आणि वही परत देत म्हणाले, "मजकूर निर्दोष आहे, सूनबाई. फक्त असं झाड देवानं काढलंय का, ते विचारून ये."

रोपवाटिका गावाबाहेर पडायच्या रस्त्यावर होती. हिरव्या जाळीखाली रोपांच्या रांगा, ओल्या खताचा वास, आणि मधोमध उलट्या बादलीवर बसून कलमांना पट्ट्या बांधणारी साठीची बाई. तिला सगळे मावशी म्हणत, म्हणून हीही म्हणाली. मावशींनी मातीच्या हातांनी वही घेतली आणि ओठ हलवत अकराच्या अकरा अटी वाचल्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "इतक्या गुणांचा मला नवराही मिळाला नाही."

ती हसली, पण डोळे भरून आले, आणि मग तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगून झालं. गवत, फोड, वर घेतलेले पाय. ठमी कडेवर बसून मावशींच्या कानातल्या कुडीकडे बघत होती. मावशींनी काही समजूत घातली नाही. उठल्या, रांगांतून फिरल्या, एकेक पिशवी उचलून लाकडी पेटीत ठेवत गेल्या. पिवळ्या फुलांची वेडेलिया. लाल पानांची अल्टरनँथेरा, दिसायला गालिचा. जाड मण्यांसारख्या पानांचं सेडम. दुपारी फुलं मिटणारा चिनी गुलाब. हरळी. आणि एक अगदीच सामान्य, बारीक पानांची, मातकट हिरवी, कुणी फुकटही नेऊ नये अशी. तिचं नाव जलपिंपळी. रंगीबेरंगी फुलांची रांगती घाणेरी तिनं स्वतः हातात घेतली होती, ती मात्र मावशींनी काढून परत जागेवर ठेवली. उन्हात हिच्यासारखं चिवट काही नाही, म्हणाल्या, पण हिची फळं मुलांच्या पोटात जायला नकोत.

आता मावशींची एक रीत होती. अशा तापलेल्या जागेसाठी कुणी रोपं मागायला आलं, तर त्या एकदम काही देत नसत. आधी सहा-सात नमुने द्यायचे. जिथं लावायचं तिथंच, त्याच मातीवर, पिशव्यांची बुडं फाडून मांडायचे. तीन दिवस पाणी. मग दहा दिवस पाण्याचा थेंब नाही. जे उरेल ते तुमचं, जे जाईल ते माझं. "ऊन काय आहे ते मला विचारू नकोस, त्या जागेलाच विचार," असं सांगून त्यांनी पेटी रिक्षात ठेवली.

पेटी आली, पिशव्या मांडल्या, तीन दिवस पाणी झालं. चौथा दिवस कोरडा गेला. पाचव्या दिवशी दुपारी तिनं खिडकीतून पाहिलं, तर वेडेलियानं माना टाकलेल्या. आता जी बाई मुलीच्या श्वासाचा आवाज ऐकायला रात्री तीनदा उठते, तिनं तहानलेलं रोप बघत बसायचं म्हणजे काय. ती गेली आणि एक तांब्या, फक्त एकच, सगळ्यांत वाटून घातला. सहाव्या दिवशीही घातला. आपण थोडीशी लबाडी करतो आहोत हे तिला कळत होतं, पण एका तांब्यानं काय होतंय.

दहा दिवस संपले आणि निकाल भलताच लागला. अल्टरनँथेरा अशी टवटवीत की नजर ठरू नये. वेडेलिया फुलांनी भरलेली. सेडम आणि चिनी गुलाब, जे उन्हाचे म्हणून सांगितलेले, ते काळे पडून बसलेले. घरात एकमतानं लाल गालिचा ठरला. नवऱ्यानं जागा मोजून साठ रोपांचा हिशोबही केला.

मावशींचा टेंपो त्या बाजूला आला होता, म्हणून त्या स्वतःच बघायला उतरल्या. उकिडव्या बसल्या. सेडमच्या बुंध्याशी बोट खुपसलं, बोट नाकाशी नेलं. मग वर पाहिलं. दारात तिघं उभे होते आणि ठमी चौथी, आईच्या कडेवर.

"पाणी कुणी घातलं?" मावशींनी विचारलं.

शेवटी तीच म्हणाली, की मी एक तांब्या घालत होते, दुपारी. नवऱ्यानं तिच्याकडे चमकून पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, मीपण सकाळी कामावर जाताना अर्धी बादली घालायचो, तू रडवेली व्हायचीस म्हणून. सासरे उगाच आकाशाकडे बघत होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिल्यावर त्यांनी घसा साफ केला. संध्याकाळी फिरून आल्यावर जरासं, म्हणाले. झारीनं. नमुने आहेत म्हटलं, चांगले दिसावेत.

मावशी हसायला लागल्या त्या हसतच राहिल्या. डोळे पुसून त्यांनी ते काळं सेडम हातावर घेतलं, आणि मग आवाज एकदम खाली आला.

"हे तहानेनं नाही मेलं, पोरी. तिघांनी मिळून जपलं ना, त्यानं मेलं."

तिनं ठमीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

मावशींनी टेंपोतून नवे नमुने काढले. परत तीन दिवस पाणी, परत दहा दिवस कोरडे. या वेळी सासऱ्यांनी झारी माळ्यावर टाकली, नवऱ्यानं बाहेरच्या नळाची मूठच काढून दुकानात नेली. आणि तिनं काय करायचं? तिनं ठरवलं की दुपारी तीन वाजता बाहेर जायचं, पण पाणी न नेता. हात रिकामे ठेवून नुसतं बसवेना, म्हणून तिनं एक उद्योग काढला. तळवा उघड्या मातीवर टेकवायचा आणि आकडे मोजायचे. मातीवर चारपर्यंत जेमतेम. मग एकेका रोपावर. सेडमवर वीस, हरळीवर बावीस. जलपिंपळीवर तीस झाले तरी हात निघेना. ती रोज हे करून आकडे वहीत लिहायची आणि ठमी उंबरठ्याच्या आत बसून बघायची. बाहेर यायची नाही. बघायची मात्र सगळं.

दहा दिवस सोपे नव्हते. सहाव्या दिवशी वेडेलियानं माना टाकल्या तेव्हा तिच्या हातांना अक्षरशः खाज सुटली. तिनं दोन्ही हात काखेत धरले आणि आत येऊन भांडी घासली, घासलेली परत घासली. आठव्या दिवशी लाल गालिच्याचा कुरकुरीत चुरा झाला. वेडेलिया गेल्यातच जमा होती. सेडम सुरकुतलं पण जिवंत होतं. फक्त अंगठ्यानं दाबलं की पचकन फुटायचं आणि बोट सरकायचं, म्हणजे चौथी अट मोडली. चिनी गुलाब मजेत होता. सकाळी त्याच्यावर इतक्या मधमाश्या, की तिनं खिडकी लावून घेतली. हरळी पिवळी पडून पाण्याची वाट बघत होती.

आणि ती मातकट, फुकटही कुणी नेऊ नये अशी जलपिंपळी पिशवीतून बाहेर पडली होती. एक दोऱ्याएवढी फांदी फाटक्या बुडाशी न थांबता सरळ उघड्या मातीवर गेली होती, आणि जिथं जिथं पेर टेकलं तिथं तिथं त्यानं आपलं मूळ धरलं होतं. दहा दिवसांत वीतभर. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पाजलं नव्हतं. तिनं फांदी हलकेच ओढून पाहिली. आली नाही. बाईला इतका आनंद झाला की तिनं सासऱ्यांना हाक मारून आणलं, आणि दोघं गुडघे टेकून ती फांदी बघत बसले.

एक अडचण होती. जलपिंपळीला टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी फुलं येतात आणि मधमाश्यांना ती आवडतात. पाचवी अट. तिनं मावशींना फोन केला. मावशी म्हणाल्या, फुलं दिसली की कात्रीनं छाटत जा, आणि एखादी राहिली तर राहू दे, मधमाशीला तुझ्या लेकीत काही रस नाही. तिनं फोन ठेवला, वही उघडली आणि पाचव्या अटीवर आडवी रेघ मारली. सासऱ्यांनी रेघ सरळ आली आहे का ते पाहिलं.

ऊन उतरल्यावर वीत-वीत अंतरावर रोपं लागली. आता पहिले पंधरा दिवस रोज पाणी घालायचं होतं, कारण जुनं झाल्यावर चिवट असलं तरी नवं रोप नवंच. सासऱ्यांनी माळ्यावरून झारी काढली आणि परवाना मिळाल्यासारखे झटून कामाला लागले. मग पाणी दोन दिवसांआड, मग आठवड्याला. पहिला महिना जमीन टकलावर केस उगवल्यासारखी दिसत होती. शेजारीण म्हणालीसुद्धा, की हे तण आहे ना गं? दुसऱ्या महिन्यात फांद्या फांद्यांना भेटल्या आणि माती दिसेनाशी झाली.

सगळं झालं, पण ठमी काही आली नाही. आईनं बाहुल्या नेऊन ठेवल्या, चेंडू टाकला, टाळ्या वाजवून बोलावलं. ठमी दारातून हात पुढे करी, म्हणजे उचल. खाली ठेवायला गेलं की चाकं आत. मावशींना तिनं विचारलं, आता काय करू. मावशी म्हणाल्या, मी रोपांतली बाई, मला लेकरांतलं कळत नाही. मग म्हणाल्या, पण इतकं बोलावू नकोस गं. मीसुद्धा आले नसते.

म्हणून तिनं बोलावणं सोडलं. तिला फार जड गेलं ते. पाच वाजता ती कात्री घेऊन अनवाणी बाहेर बसायची आणि फुलं छाटायची, तोंड कुंपणाकडे, पाठ दाराकडे. सासरे आत वर्तमानपत्राआड बसून पहारा द्यायचे. पाठ दाराकडे ठेवून बसणं म्हणजे काय असतं ते ज्यांना कळेल त्यांना कळेल. तिचे कान सशासारखे मागे वळलेले असायचे.

अशाच एका संध्याकाळी मागे कपडा फरशीवर घासल्याचा आवाज आला. ती वळली नाही. कात्री चालूच ठेवली, कात्रीत फूल नसतानाही. परत तोच आवाज, मग शांत. तिनं नजरेच्या कोपऱ्यातून पाहिलं. ठमी बसल्या बसल्या सरकत खालच्या पायरीपर्यंत आली होती. तिनं हात पुढे केला, तळवा पालथा घालून पानांवर टेकवला आणि गंभीर चेहऱ्यानं काहीतरी पुटपुटली. आकडे तिला येत नव्हते. पण आई हात टेकवून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणते, एवढं तिनं दहा दिवस रोज पाहिलं होतं.

हात काढला. हाताकडे पाहिलं. परत टेकवला. मग उजव्या पायाचा अंगठा आला, अंगठ्यामागून टाच, आणि कितीतरी वेळानं डावा पाय, तोच, ज्याला फोड आले होते. ती उभी राहिली. आतमध्ये वर्तमानपत्र खाली पडल्याचा आवाज झाला.

ठमी पाच पावलं चालली आणि आईच्या पाठीला येऊन टेकली. तिच्या आईनं तेव्हाही मागे वळून तिला उचललं नाही. पाठीला टेकून तशीच राहू दिली. एवढं करायला तिला जेवढी ताकद लागली, तेवढी बाळंतपणातही लागली नव्हती, असं तिनं नंतर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मी दुकानात होतो, माझ्याशिवाय काय काय होतं या घरात.

आता ठमी रोज संध्याकाळी तिथं असते. पण गोष्ट इथं संपली असती तर तिच्या आईला झोप लागली असती. दोन दिवसांनी ठमीचे हिरवट झालेले तळवे धुताना तिच्या मनात आलं, की ती गुंडाळी कोण घेऊन गेलं. चांगलं, नवं, हिरवं गवत. फुकट पडलेलं कोण नेतं? ज्याच्या घरापुढे उघडी जागा आहे तो. आणि खेळायला मऊ हवं असं कुणाला वाटतं? ज्याच्या घरात नुकतं चालायला लागलेलं मूल आहे त्याला. गुंडाळी फाटकाबाहेर ठेवताना 'दुपारी हे तापतं' एवढी चिठ्ठी लावायचं त्या घरात कुणालाच सुचलं नव्हतं.

तिनं गल्लीत विचारलं. इस्त्रीवाल्यानं पाहिलं होतं, एक तरुण बाई आणि एक पुरुष स्कूटरवर आडवी धरून घेऊन गेले, मोठ्या रस्त्याकडे. मोठ्या रस्त्यापलीकडे शंभर गल्ल्या आहेत. तिनं फाटकावर कागद लावला, सासऱ्यांनी मुद्रित तपासलं, पण ज्यांना हवी होती ती गुंडाळी ते आता त्या फाटकाशी कशाला येतील. रविवारी दोघं नवराबायको स्कूटरवरून कुंपणांतून डोकावत हिंडले आणि एका कुत्र्याशिवाय कुणी त्यांची दखल घेतली नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. ते गवत गडद हिरवं आहे, पंधरा फूट बाय बारा, आणि त्याच्या एका कोपऱ्यात नळासाठी अर्धगोल कापलेला आहे. पण ते तेच असायला हवं असंही नाही. तुमच्या गल्लीत, तुमच्या खिडकीतून दिसणाऱ्या एखाद्या घरापुढे असलं हिरवं प्लॅस्टिक अंथरलेलं असेल आणि आत एखादं दुडुदुडु चालणारं असेल, तर संध्याकाळी नको, दुपारी तीन वाजता जा. ओळख नसली तरी जा, साखर मागायला आले म्हणा. त्याची आई "हो हो, बघू आम्ही" म्हणेल. तुम्ही लगेच निघू नका. मूल कुठं आहे ते विचारा, आणि त्याचे तळवे एकदा बघून या.